दुधाच्या दातातलं शिसं आणि साडेचार गुण

आपल्याकडे दुधाचा दात पडला की कौलावर फेकायचा. बॉस्टनजवळच्या चेल्सी आणि सॉमरविल या दोन गावांत मात्र हर्बर्ट नीडलमन यांनी पहिली-दुसरीतल्या मुलांचे पडलेले दात गोळा केले. त्यावरचा 1979 चा पेपर विषारी रसायनांवर काम करणाऱ्या कुणालाही चुकत नाही. मी तो परवा तिसऱ्यांदा वाचला, या वेळी जरा भांडायच्या तयारीनं.

दातच का? रक्तातलं शिसं महिन्याभरात निम्म्यावर येतं, म्हणजे रक्ततपासणी फार तर अलीकडचं सांगणार. दातात ते कॅल्शियमसारखं साठून राहतं. ही कल्पना मला आजही फार आवडते. दातात जास्त शिसं असलेली 58 आणि कमी शिसं असलेली 100 मुलं निवडली. कुठलं मूल कुठल्या गटातलं हे चाचणी घेणाऱ्यांना माहीत नव्हतं. सरासरी बुद्ध्यंक निघाला 102.1 आणि 106.6.

टीका झाली ती आईवडिलांची परिस्थिती, मुलांची निवड आणि आकडेमोड यांवर. यातली काही टीका मला पटते. दोन टोकं घेऊन मधली मुलं वगळली, तर किती शिशानं किती नुकसान होतं ते बुद्ध्यंकाच्या आकड्यांवरून कळत नाही. (शिक्षकांनी केलेल्या 2,146 मुलांच्या नोंदींत ती चढण दिसते, पण शिक्षकाचं मत म्हणजे चाचणी नव्हे.) पुढे 1991 मध्ये नीडलमन यांच्यावर गैरवर्तनाची तक्रारही झाली. चौकशीत ते सिद्ध झालं नाही.

न पटणारी टीका एकच : ‘साडेचार गुण म्हणजे काय मोठंसं!’ एका मुलाच्या बाबतीत खरंच काही नाही, झोप नीट झाली नाही तरी तेवढा फरक पडेल. पण सरासरी 100 आणि प्रमाणित विचलन 15 धरून अख्खा वक्र साडेचार गुणांनी डावीकडे सरकवून बघा. 70 च्या खालची मुलं लाखात साधारण 2,300 असतात, ती 4,500 च्या आसपास जातात. शिवाय 130 च्या वरची निम्म्याहून कमी उरतात. डॉक्टरला समोरच्या मुलात जे दिसणार नाही, ते शाळाखात्याला दिसेल.

माझी खरी तक्रार वेगळीच आहे. ‘कमी शिसं’ म्हणून घेतलेली 100 मुलंसुद्धा शिशाच्या पेट्रोलचाच धूर श्वासात घेत होती. शिसं नसलेलं मूल त्या गावांत सापडणार कुठून? 2005 मध्ये सात अभ्यासांतल्या 1,333 मुलांची आकडेवारी एकत्र केली, तेव्हा सगळ्यात तीव्र उतार शिशाच्या अगदी खालच्या पातळीवर दिसला. म्हणजे 4.5 हा आकडा बहुधा कमीच धरला गेलाय, आणि टीकाकार तो जास्त आहे म्हणून भांडत होते.

भारतात शिशाचं पेट्रोल 2000 मध्ये बंद झालं. माझे दुधाचे दात त्याआधी तयार झालेले. मोजायला घेतले असते, पण ते कधीच कौलावर गेले.