खडक रचायचा तो कोणासाठी?

भंडाऱ्यापासून समुद्र शेकडो किलोमीटर लांब. तरी रीफ टँकची रील्स आमच्या फोनवरही धो-धो येतात. निळा प्रकाश, पांढरी वाळू, मधोमध खडकाची कमान आणि तिच्याखालून जाणारा केशरी क्लाउनफिश. खडकाच्या या मांडणीला छंदातले लोक रॉकवर्क म्हणतात. मी तिला कला मानतो, आणि कला म्हटली की समीक्षा आलीच. सध्या तिचं मोजमाप फक्त लाइक्समध्ये होतं.

ढोबळमानाने दोन शैली दिसतात. जुनी म्हणजे मागच्या काचेला टेकवलेली दगडांची भिंत. भरगच्च दिसते, पण मागे पाणी फिरत नाही, घाण साचते आणि काच पुसायला हात जात नाही. नवी शैली मोकळी आहे: दोन बेटं, एक कमान, बाकी रिकामी जागा. फोटोत ती सुरेख दिसते. पण कित्येकदा तिच्यात लपायला एक धड कपार नसते. नुसता यूआय बघून ॲपला पाच स्टार देण्यासारखं हे आहे.

कारण टँकमधला खडक हा बॅकएंड आहे. त्याच्या छिद्रांत राहणारे जिवाणू माशांच्या विष्ठेतल्या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. आत खोल, जिथे ऑक्सिजन पोचत नाही, तिथे दुसरे जिवाणू नायट्रेटचा नायट्रोजन वायू करतात. म्हणून दगड सच्छिद्र हवा. त्याचा पाया वाळूवर नको, थेट तळाच्या काचेवर हवा. नाहीतर बिळं खणणारी एखादी कोळंबी अख्खी कमान पाडते.

मग दगड आणायचा कुठून? आमच्या तुमसर तालुक्यात डोंगरी बुजुर्गला मँगनीजची खाण आहे. तिथला काळा दगड देखणा असतो, पण धातूचा दगड खाऱ्या पाण्यात घालू नये. समुद्रातलं पोवळं उचलणं तर गुन्हाच. २००१ पासून खडक बांधणारी पोवळी वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. म्हणजे प्रामाणिक पर्याय उरतो सिरॅमिकचा किंवा सिमेंटचा खडक. ‘नकली दिसतो’ ही त्याच्याबद्दलची तक्रार मला पटत नाही. टँक नीट चालला तर काही महिन्यांत त्यावर जांभळं शेवाळ चढतं. आणि समुद्रातून ओरबाडलेला ‘अस्सल’ दगड दिवाणखान्यात ठेवण्यात कसली आलीय अस्सलता?

माझा निकष मला आमच्या मामा तलावांकडून मिळाला. कोहळी समाजाने हे तलाव बांधले ते धानाला पाणी मिळावं म्हणून. तरी ते सुंदर आहेत. अलीकडे भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ आणि ढिवर मच्छीमारांनी काही तलावांतली बेशरम उपटून स्थानिक पाणवनस्पती लावल्या. माशांना खायला, लपायला, अंडी घालायला जागा मिळावी, एवढाच हिशोब. तिथे रचना माशापासून सुरू झाली. रीफ टँकमध्ये ती बहुतेकदा कॅमेऱ्यापासून सुरू होते, आणि माझा आक्षेप नेमका इथे आहे.

मोकळी शैली मला आवडते. पण कमानीला आतून पोकळ्या द्या, मागून पाणी वाहू द्या. आणि पुढचं रील दिसेल तेव्हा कमान सोडा, मासे बघा. मोठा मासा अंगावर आला तर छोट्याला पळून जायला जागा आहे का? नसेल, तर ते रॉकवर्क फसलेलं आहे. लाइक्स कितीही असोत.