पदकावरील समुद्र

नाणे आणि पदक ही सख्खी भावंडे असली तरी त्यांचा स्वभाव भिन्न आहे. नाण्याला बाजारात जाऊन आपली किंमत सिद्ध करावी लागते. स्मृतिपदकाला ती कसोटी नाही. ते मानाने दिले जाते, संग्रहात जपले जाते, आणि त्यावर जे कोरले असेल ते पुढील पिढ्यांनी खरे मानावे अशी त्याची अपेक्षा असते. म्हणूनच पदकाचे परीक्षण करताना कारागिरीबरोबर त्याच्या साक्षीचाही विचार करणे प्राप्त होते. सतराव्या शतकातील बरोक कलावंतांनी सागरी घटनांवर जी पदके घडविली, त्यांच्या बाबतीत तर हा विचार टाळताच येत नाही.

बरोक कलेला दोन गोष्टींची सारखीच ओढ होती. एक रूपकाची, म्हणजे देवता, सिंह, विजयमाला यांची. दुसरी प्रत्यक्ष गतीची, म्हणजे वारा, धूर आणि उसळत्या लाटांची. भव्य चित्रफलकावर दोहोंना जागा मिळते. तळहाताएवढ्या वर्तुळात मात्र पुढे कोण आणि मागे कोण, हे ठरवावेच लागते. पदककाराची खरी परीक्षा या निवडीत असते.

डच सेनानी ट्रॉम्प १० ऑगस्ट १६५३ रोजी इंग्रजांशी लढताना मारला गेला. त्याच्या स्मरणार्थ वाउटर म्युलरने रुप्याचे पोकळ पदक घडविले. त्याच्या दोन बाजू वेगवेगळ्या घडवून कडेने जोडल्या आहेत. त्यामुळे भरीव ठशाला न पेलणारा उठाव त्यांना मिळाला. दर्शनी बाजूस ट्रॉम्पची मुद्रा आहे आणि मागे प्रत्यक्ष सागरयुद्ध. येथे मुख्य स्थान जहाजांना आहे. वीराच्या मरणाचे मोल सांगण्यास रणभूमीच पुरेशी आहे, हा कलावंताचा विश्वास मनावर ठसतो.

याउलट १६६७ साली ब्रेडा येथे झालेल्या तहाची पदके पाहावीत. ज्याला पोर्तुगीज राजकन्येबरोबर मुंबई आंदण मिळाली, त्या दुसऱ्या चार्ल्सच्या पदरी अँटवर्पहून आलेला जॉन रोटियर्स हा निष्णात कारागीर होता. त्याच्या पदकावर ब्रिटानिया किनाऱ्यावर शांतपणे बसली असून समोरच्या समुद्रात आरमार दिसते. या मूर्तीला फ्रान्सिस स्टुअर्ट या दरबारी सुंदरीचा चेहरा दिला, असे परंपरेने मानले जाते. नौदल कचेरीतील लेखनिक सॅम्युअल पेपिस याने २५ फेब्रुवारी १६६७ रोजी राजाच्या नव्या पदकावर तो चेहरा पाहून आपल्या रोजनिशीत त्याची मनापासून स्तुती केली आहे. चारच महिन्यांत, जूनमध्ये, डच आरमार मेडवे नदीत शिरले. त्याने इंग्रजांची जहाजे जाळली आणि ‘रॉयल चार्ल्स’ हे मोठे जहाज ओढून नेले. त्या दिवसांत पेपिसने घाबरून आपले सोने लंडनबाहेर धाडले. ब्रिटानियाच्या चेहऱ्यावर मात्र या साऱ्याची सावलीही नाही. मूर्ती नितांत सुंदर आहे. पण तिच्या समुद्रात नुसती शोभा आहे, घटना नाही.

क्रिस्टोफेल आडोल्फी याच्या डच पदकाचा विषयही तोच तह. येथे शांतिदेवता कलहाला पायाखाली तुडविते, आणि तिच्या मागे जहाजे जळत आहेत. खाली लॅटिनमध्ये दुष्ट पशूला या राज्यांपासून दूर जाण्याची आज्ञा आहे. हा पशू म्हणजे आपलाच राजा, असा अर्थ इंग्रजांनी घेतला. पुढे १६७२ साली चार्ल्सने पुन्हा युद्ध पुकारले, तेव्हा जाहीरनाम्यात डचांच्या अपमानकारक चित्रांचा आणि ‘खोट्या’ ऐतिहासिक पदकांचा उल्लेख कारण म्हणून आला. युद्धाला कारणे इतरही होती. तरी एका राजाला हातात मावणाऱ्या धातूच्या चकतीचे भय वाटावे, हे विचार करण्याजोगे आहे. मेडवेच्या विजयाचे डोर्ड्रेख्ट नगरगृहातील चित्र त्याच वर्षी खुद्द डच जमावाने नष्ट केले. चित्र एकच असल्याने त्याला असा शेवट येऊ शकतो. पदकाच्या प्रती घरोघरी गेल्यावर त्या कोण गोळा करणार?

पण ‘खोटे’ हा शब्द येथे कितपत लागू पडतो? जहाजे जळाली होती, ही गोष्ट खरीच होती. ‘रॉयल चार्ल्स’च्या पिछाडीचे कोरीव लाकूड आजही ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्यूझियममध्ये साक्षीला उभे आहे. आडोल्फीच्या पदकाचा उद्दामपणा पुढच्या देवतेत आणि लेखात आहे. त्याचे सत्य मागच्या लहानशा जहाजांत आहे. रोटियर्सने ते सत्य गाळले आणि म्हणून त्याची कृती निर्दोष दिसते. कारागिरीत तो श्रेष्ठ आहे, याविषयी वाद नाही. परंतु तिघांत थोर कोण, असे विचारल्यास मी म्युलरचे नाव घेईन. रोटियर्सने समुद्राला देवतेची शोभा बनविले, आडोल्फीने शत्रूला हिणविण्याचे साधन. म्युलरने त्याला समुद्रच राहू दिले. राज्यसत्तेच्या आज्ञेवरून किंवा तिच्या गौरवासाठी घडणाऱ्या प्रत्येक कलाकृतीला, मग ती कोणत्याही देशातील असो, हाच प्रश्न विचारावा लागतो: पुढे बसविलेल्या देवतेच्या मागे काय दाखविले आहे आणि काय झाकले आहे?