दर्शनी भाग आणि धुलाईघर : आलिशान हॉटेलांतील कर्मचारी-गणवेशाची समीक्षा

प्रस्तावना

मुंबई उपनगरातील अंधेरी-सहार परिसरात आंतरराष्ट्रीय विमानतळाच्या सान्निध्यामुळे पंचतारांकित हॉटेलांचा विकास झाला. 'द लीला' १९८६ मध्ये, तर 'आयटीसी मराठा' २००१ मध्ये सुरू झाले. अशा हॉटेलांत अतिथीची पहिली भेट वास्तूइतकीच गणवेशातील कर्मचाऱ्याशी होते. तथापि, गणवेशाची चर्चा बहुधा रंगसंगती, बोधचिन्ह आणि 'भारतीयत्व' यांपाशीच थांबते. तो अंगावर वागवणाऱ्याचा विचार त्या चर्चेत अभावानेच आढळतो. ही उणीव केवळ सौंदर्यदृष्टीची नसून रचनेच्या मूलभूत निकषाची आहे, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे.

कापडाचे दोन न्याय

'लीला'चे संस्थापक कॅप्टन सी. पी. कृष्णन नायर (१९२२–२०१४) हे मूळचे कापड-निर्यातदार. १९५०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत गेलेल्या 'ब्लीडिंग मद्रास' या चौकटीच्या सुती कापडाशी त्यांचे नाव जोडले जाते. धुताना या कापडाचा रंग जात असे. प्रारंभी त्याबद्दल तक्रारी झाल्या. पुढे जाहिरातीच्या बळावर तोच दोष वैशिष्ट्य म्हणून विकला गेला. प्रत्येक धुण्यानंतर बदलणारे कापड हौसेने घेणाऱ्याला अनन्य वाटते.

गणवेशाला मात्र हा न्याय लागू होत नाही. तेथे पहिल्या आणि पन्नासाव्या धुण्यातील फरक दिसता कामा नये. नवा कर्मचारी जुन्याशेजारी उभा राहिला, तर दोघांचा रंग एकच असावा लागतो. ग्राहकाच्या वस्त्रात आलिशानता वेगळेपणातून येते, तर गणवेशात ती सातत्यातून येते. हा भेद लक्षात न घेता फॅशनच्या कसोट्या गणवेशाला लावल्या जातात आणि तेथेच रचना फसते.

गणवेश-कक्षातील वास्तव

हॉटेल-व्यवस्थापनात प्रत्येक कर्मचाऱ्यामागे साधारणतः तीन संच धरले जातात : एक अंगावर, एक धुलाईत, एक कपाटात. त्यामुळे भारी कापडाचा खर्च तिप्पट होतो आणि काटकसर म्हणून पॉलिस्टरचे प्रमाण वाढवले जाते. असे कापड चुरगळत नाही, लवकर वाळते. परंतु घाम शोषत नाही. मुंबईच्या दमट हवेत वातानुकूलित स्वागतकक्षातील कर्मचाऱ्याला ते कदाचित सोसवेल. खोल्यांची आवराआवर करणाऱ्या, सामान वाहणाऱ्या किंवा दाराबाहेर उभ्या असलेल्या व्यक्तीला तेच कापड दिवसभर जाचते.

कर्मचारी वारंवार बदलतात, तेव्हा भारी गणवेशावर खर्च का करावा, हा व्यवस्थापनाचा युक्तिवाद अगदीच निराधार नाही. त्याचे उत्तर मात्र शिवणकामातच आहे. शिवणीत पुरेशी माया ठेवली आणि कमरेला सैल-घट्ट करण्याची सोय केली, तर तोच संच दुसऱ्याच्या मापाला बसवता येतो. मुंढा मोकळा असेल, तर पलंगाची चादर ताणताना बगलेतली शिवण उसवत नाही.

कामातून घडलेला गणवेश

या दृष्टीने स्वयंपाकघरातील शेफचा कोट आदर्श मानावा लागेल. त्याचे जाड सुती कापड उष्णतेपासून रक्षण करते. पॉलिस्टरप्रमाणे ते वितळून त्वचेला चिकटत नाही. छातीवरील दुहेरी पदरामुळे डागाळलेली बाजू आत घेऊन स्वच्छ बाजू वर आणता येते. त्याची प्रतिष्ठा सजावटीतून आलेली नसून कामातून आलेली आहे.

अलीकडील प्रयोगांकडेही याच निकषाने पाहता येते. डिसेंबर २०२३ मध्ये एअर इंडियाने मनीष मल्होत्रा यांनी रचलेले गणवेश सादर केले. त्यांतील आधीच शिवलेली साडी आणि हवी असल्यास तिच्यासोबत पँट घालण्याची मुभा, या दोन बाबी तिच्या रंगछटांहून अधिक महत्त्वाच्या आहेत. कारण त्यांत निऱ्या सावरत काम करणाऱ्या देहाचा विचार दिसतो. ताज समूहाने स्वागतकक्षातील महिलांच्या साड्यांसाठी वाराणसीजवळील सराय मोहाना येथील विणकरांना काम दिले. गणवेशाला विणकराच्या उपजीविकेशी जोडणारा हा उपक्रम निश्चितच स्वागतार्ह आहे. परंतु बनारसी साडी नेसून न्हाणीघराची फरशी पुसता येत नाही. म्हणून दर्शनी भागातील यशावरून संपूर्ण गणवेश-मालिकेचे मूल्यमापन करणे अपुरे ठरते.

निष्कर्ष

आलिशान गणवेश-मालिकेची आखणी स्वागतकक्षापासून नव्हे, तर धुलाईघर व हाउसकीपिंगपासून सुरू व्हावी. नमुना-गणवेश छायाचित्रासाठी घालण्याऐवजी पावसाळ्यातील पूर्ण पाळीत वापरून पाहावा. पन्नास धुण्यांनंतर त्याची पुन्हा तपासणी करावी. आणि साडी की पँट, हा निर्णय शक्य तेथे परिधान करणाऱ्या स्त्रीवर सोपवावा. यासाठी लागणारे ज्ञान उपनगरातच उपलब्ध आहे. एसएनडीटी विद्यापीठाच्या जुहू परिसरात वस्त्रशास्त्राचे अध्यापन होते. सहारची हॉटेले तेथून दूर नाहीत. वस्त्रशास्त्र, हॉटेल-व्यवस्थापन आणि वाणिज्य या शाखांनी एकत्र येऊन हा अभ्यास हाती घेणे शक्य आहे.

अतिथीला देव मानणाऱ्या परंपरेचा दाखला हा उद्योग नेहमी देतो. त्या देवाची पूजा करणाऱ्याच्या अंगावरचे वस्त्र त्याला जाचत असेल, तर त्या आतिथ्याची परीक्षा पाहुण्याच्या अभिप्रायवहीत होणार नाही. ती पाळी संपवून अंधेरी स्थानकाकडे निघालेल्या कर्मचाऱ्याच्या अंगावरील वळांतच होईल.