‘बॉयफ्रेंड मटेरियल’ आणि ‘निवडलेलं कुटुंब’: संकल्पना चिकटवायची की तपासायची?

सिनॉप्सिस लिहायला बसलं की एखादी संकल्पना हाताला लागते आणि मग जिथे तिथे तीच दिसायला लागते. समलिंगी प्रेमकथांवर काम करू पाहणाऱ्यांची सध्याची लाडकी संकल्पना म्हणजे ‘फाउंड फॅमिली’, म्हणजे रक्ताच्या नात्याबाहेर जमलेलं कुटुंब. आज ती एका हलक्याफुलक्या कादंबरीला लावून बघू.

कादंबरी आहे अलेक्सिस हॉल यांची ‘बॉयफ्रेंड मटेरियल’ (२०२०). लंडनमधला ल्यूक शेणभुंग्यांच्या संवर्धनासाठी काम करणाऱ्या संस्थेत निधी गोळा करतो. वडील जुने रॉकस्टार, लहानपणीच सोडून गेलेले, पण त्यांच्या नावामुळे पेपरवाले ल्यूकच्या मागे. देणगीदार बिथरू नयेत म्हणून त्याला एक ‘सभ्य’ बॉयफ्रेंड दाखवायचाय. तो मिळतो: ऑलिव्हर, बॅरिस्टर, शाकाहारी, कमालीचा शिस्तीचा. त्यालाही आई-वडिलांच्या लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला सोबत कुणीतरी हवंय. खोटं नातं खरं कसं होतं, ही गोष्ट. वाचताना हसू येतं, आणि ते येऊ द्या. मजेशीर पुस्तक संशोधनाच्या लायकीचं नसतं, असं कुणी म्हणालं तर मनावर घेऊ नका.

आता सोपं वाचन काय होईल? ‘रक्ताचं कुटुंब छळतं, मित्र सांभाळतात.’ पुरावेही आहेत. घराचा उकिरडा झाल्यावर ल्यूकच्या मदतीला मित्रमंडळीच धावून येते. पण इथेच थांबलात तर ल्यूकच्या आईचं काय करणार? ओडील रक्ताचीच आहे आणि पूर्णपणे मुलाच्या बाजूची आहे. शिवाय तिची मैत्रीण ज्युडी हे तिचं स्वतःचं निवडलेलं माणूस. म्हणजे ‘रक्त विरुद्ध मैत्री’ ही विभागणी कादंबरीच मोडून टाकते.

ही विभागणी मुळातही एवढी सोपी नव्हती. कॅथ वेस्टन यांचं ‘फॅमिलीज वी चूज’ (१९९१) हे पुस्तक १९८० च्या दशकात सॅन फ्रान्सिस्को परिसरात केलेल्या क्षेत्रकार्यावर आधारलेलं आहे. तेव्हा समलिंगी लग्नाला कायद्याची मान्यता नव्हती, घरी सांगितलं तर नातं तुटायची भीती होती आणि एड्सची साथ सुरू होती. कुटुंब निवडणं ही गरज होती. ल्यूकच्या इंग्लंडमध्ये समलिंगी लग्नं २०१४ पासून होतात. त्याच्या मित्रांमध्ये दोन जेम्स एकमेकांचे नवरे आहेत. वेस्टन यांची संकल्पना उचलून इथे ठेवताना मधली ही वर्षं गाळून चालणार नाही.

मग या कुटुंबाचं कादंबरीत काम काय? इथे पामेला रेजिस उपयोगी पडतात. प्रेमकादंबरीचे आठ घटक त्यांनी २००३ च्या पुस्तकात मांडले. त्यातला एक अडथळा, आणि एक असा क्षण जिथे सगळं संपलंसं वाटतं. इथला अडथळा आतला आहे: आपण प्रेमाच्या लायकीचे नाही, असं दोघांनाही वाटतं आणि दोघांचंही मूळ घरात आहे. त्या वाढदिवसाच्या पार्टीत ल्यूक ऑलिव्हरच्या आई-वडिलांना तोंडावर सुनावतो. वाचक टाळ्या वाजवतो. आणि त्यानंतर ऑलिव्हर नातंच तोडतो! माझ्या मते कादंबरीतली ही सर्वांत प्रामाणिक जागा आहे. वाईट आई-वडील सोडणं म्हणजे सुटका, असं ती म्हणत नाही.

दुबळी बाजूही सांगते. मित्रमंडळी बहुतेक वेळा ल्यूकसाठीच हजर असते. ब्रिजेटच्या प्रकाशनातल्या रोजच्या आणीबाणीचा विनोद होतो, गोष्ट होत नाही. कुटुंब म्हणायचं तर देणंघेणं दोन्हीकडून हवं ना?

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी एक अडचण. आपल्याकडे ‘मानलेला भाऊ’, ‘मानलेली बहीण’ असतात, म्हणून ‘मानलेलं कुटुंब’ लिहायचा मोह होतो. पण मानलेल्या नात्यात भाऊ-बहीण ही जागा आधीच ठरलेली असते, माणूस त्या जागेवर बसतो. ल्यूकचे मित्र कुणाच्याच जागेवर बसलेले नाहीत. ते मित्रच राहतात, आणि तरी कुटुंब असतात. म्हणून ‘निवडलेलं कुटुंब’ मला जास्त नेमकं वाटतं.

तेव्हा ‘या कादंबरीत निवडलेलं कुटुंब आहे’ हे वाक्य लिहिलंत की पेन ठेवू नका. विचारा: इथे काळजी कोण घेतं? कुणाची घेतली जात नाही? आणि हे कुटुंब काढून टाकलं तर कथानक कुठे कोसळेल? तुमचा प्रबंध या उत्तरांपासून सुरू होईल.