प्रवासाच्या आखणीचें औचित्य

प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार आपल्याकडे चांगलाच रुजला आहे आणि त्याची चिकित्साही बरीच झाली आहे. परंतु प्रवास करून आल्यावर जें लिहिलें जातें त्याचाच विचार टीकाकार करतात. निघण्यापूर्वीं जें लिहिलें जातें त्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाहीं. कोणत्या दिवशीं कोठून निघावें, किती मजल मारावी, पाणी कोठें घ्यावें, मुक्काम कोठें करावा, ह्यांचा जो तक्ता प्रवासी तयार करतो तो केवळ व्यवहाराचा कागद, त्याचा साहित्याशीं संबंध काय, असा समज रूढ आहे. आम्हांस तो बरोबर वाटत नाहीं. आखणी हीही एक रचना आहे. ती भविष्यकाळांत लिहिलेली कथा असून इतर कथांप्रमाणेंच ती पटणारी किंवा न पटणारी असूं शकते. भेद एवढाच कीं, कादंबरी न पटली तर वाचक ती मिटून ठेवतो. आखणी न पटणारी असली तर तिच्यांतील पात्रें जिवानिशीं जातात.

हें ज्यांस अतिशयोक्तीचें वाटेल त्यांनीं ‘मेघदूत’ पुन्हां एकदां उघडून पाहावें. पूर्वमेघ म्हणजे रामगिरीवरून निघालेल्या ढगानें अलकेस कोणत्या वाटेनें जावें ह्याची आखणीच होय. हा रामगिरि म्हणजे नागपूरजवळचें रामटेक, असें पुष्कळ विद्वान मानतात. यक्ष विरहानें व्याकुळ झालेला आहे, शापाचे चार महिने अद्याप उरले आहेत, आणि आपला निरोप लवकर पोंचावा ह्याहून दुसरी इच्छा त्यास नाहीं. असें असूनही तो ढगास धांवत सुटावयास सांगत नाहीं. थकव्यास डोंगरमाथ्यावरील विसावा आणि क्षीणतेस नद्यांचें पाणी, अशी सोय तो पदोपदीं करून देतो. पाऊस पाडून ढग रिता झाला कीं नर्मदेवर त्यानें पुन्हां भरून घ्यावें, नाहीं तर वारा त्यास उडवून नेईल, ह्याचेंही त्यास भान आहे. उज्जयिनीसाठीं तो वांकडी वाट मंजूर करतो, आणि त्या विलंबाची जाणीवही ठेवतो. रसिकांनीं येथील निसर्गवर्णनाची वाखाणणी शतकानुशतकें केली. परंतु वाहन कोठें रितें होतें आणि कोठें भरतें, हा जो हिशेब त्या वर्णनाच्या पोटांत आहे, त्याची दखल क्वचितच घेतली गेली.

तेव्हां आखणीस साहित्याच्या कसोट्या लावण्यास हरकत नसावी. ॲरिस्टॉटलनें कवीकडून घडलेल्या गोष्टींची नव्हे, तर संभवनीय गोष्टींची अपेक्षा केली. अकराव्या शतकांतील काश्मिरी पंडित क्षेमेंद्र ह्यानें औचित्य हें काव्याचें जीवित मानलें. जें जेथें शोभतें तें तेथें असावें, असा त्याचा आग्रह. संभवनीयता आणि औचित्य ह्या दोन कसोट्या घेऊन आपण आजच्या काळांतील एका अवघड प्रवासाच्या आखणीकडे पाहूं.

पश्चिम ऑस्ट्रेलियांतील हॉल्स क्रीक आणि विलुना ह्या दोन गांवांमधून ‘कॅनिंग स्टॉक रूट’ नांवाची सुमारे १८५० किलोमीटर लांबीची वाट वाळवंट ओलांडून जाते. उत्तरेकडील गुरें दक्षिणेकडील सोन्याच्या खाणींच्या मुलखांत विक्रीस हांकून नेण्यासाठीं ॲल्फ्रेड कॅनिंग ह्या भूमापकानें १९०६-०७ सालीं तिची पाहणी केली आणि १९०८ ते १९१० च्या दरम्यान तिच्यावर विहिरी बांधल्या. गुरांच्या चालीनें साधारण एका दिवसाच्या अंतरावर एक, अशा रीतीनें १ ते ५१ पर्यंत क्रमांक दिलेले हे पाणवठे आहेत. गुरांचा शेवटचा तांडा १९५९ सालीं गेला. संपूर्ण वाट मोटारीनें प्रथम १९६८ सालीं पार केली गेली. आतां इंजिनाचा जोर चारही चाकांस पोंचविणाऱ्या, म्हणजे फोर-व्हील-ड्राइव्ह, गाड्या घेऊन हौशी लोक तंबूंत राहत ही वाट चालून जातात. वाटेंत वाळूच्या नऊशेंहून अधिक टेकड्या चढून उतराव्या लागतात. महाराष्ट्रांतून जाऊन ऑस्ट्रेलियांत स्थायिक झालेलीं कुटुंबें आज पुष्कळ आहेत. त्यांच्यापैकीं कोणास हा मोह पडला तर नवल नाहीं.

घरीं नकाशा पसरून बसलेला उत्साही मनुष्य काय करतो? तो १८५० ला दिवसाच्या ३०० किलोमीटरांनीं भागतो आणि सहा-सात दिवसांत वाट संपवितो. ही आखणी संभवनीयतेच्या कसोटीवर तात्काळ पडते. टेकड्यांच्या भागांत सकाळपासून संध्याकाळपर्यंत गाडी हांकूनही शंभर-सव्वाशें किलोमीटरांच्या पलीकडे जाणें कठीण. सपाट भागांतील रस्ता लाटांसारखा खडबडीत झालेला, त्यावर वेग वाढविला कीं गाडीचे धक्के झेलणारे भाग निकामी होतात. जाणते लोक ह्या प्रवासास दोन ते तीन आठवडे देतात तें उगीच नव्हे. शिवाय दिवस हा केवळ चालण्याचा नसतो. वाळूंत शिरतांना टायरांतील हवा कमी करावयाची, कठीण जमिनीवर आलें कीं ती पुन्हां भरावयाची, समोरून येणाऱ्यास टेकडीपलीकडून दिसावें म्हणून गाडीवर उंच काठीस निशाण बांधावयाचें, अंधारापूर्वीं राहुटी उभारावयाची, ह्या सर्वांस तास लागतात. जी आखणी किलोमीटरांत लिहिलेली असते ती वाचावयास सोपी, परंतु खोटी असते. ती तासांत लिहिली पाहिजे.

आतां औचित्याकडे वळूं. कुनावरित्जी ही आदिवासींची वस्ती ३३ क्रमांकाच्या विहिरीजवळ आहे आणि तेथें इंधन मिळतें. विलुनाहून निघाल्यास तिच्यापर्यंतचें अंतर, वळणावळशांसह, हजार किलोमीटर धरून चालावें. चांगल्या सडकेवर शंभर किलोमीटरांस १२ लिटर डिझेल पिणारी गाडी वाळूंत २० लिटर पिते असें मानलें, तर ह्या टप्प्यास २०० लिटर लागतील; एक पंचमांश राखीव म्हणून धरल्यास २४०. त्याचें वजन सुमारें २०० किलो. गाडींत चार माणसें, प्रत्येकीं रोज ७ लिटर पाणी, आणि ह्या टप्प्यास दहा दिवस, ह्या हिशेबानें पाणी २८० लिटर, म्हणजे २८० किलो. पातळ पदार्थांचेंच ओझें ४८० किलो झालें. त्यांत चार माणसांचें वजन मिळवा, आणि मग तंबू, शिधा, हत्यारें, दोन जादा चाकें. अशा गाड्यांची वाहण्याची शक्ति बहुधा सहाशें ते आठशें किलोंच्या आसपास असते. ती निघण्यापूर्वींच संपली. आणि ओझें वाढलें कीं गाडी वाळूंत अधिक रुतते, रुतली कीं अधिक इंधन पिते, अधिक इंधन घेतलें कीं ओझें पुन्हां वाढतें. एका गाडींत चौघे ही कल्पना येथेंच मोडते. माणसें कमी करावीं किंवा दोन गाड्या न्याव्या. आणि दोन गाड्या नेल्यास एक बिघडली तरी दुसरी उरते, हा लाभ निराळाच. विहिरींवर विसंबून पाणी कमी घ्यावें म्हटलें तर कांहीं विहिरींची दुरुस्ती झालेली आहे, कित्येक ढासळल्या आहेत. नकाशावर लिहिलेली विहीर ही शब्दांतील विहीर होय.

ह्यांतच ऋतूचेंही औचित्य आलें. मे ते सप्टेंबर हा तेथील थंडीचा काळ तेवढा ह्या प्रवासास योग्य. १९६३ च्या डिसेंबरांत, म्हणजे तेथील ऐन उन्हाळ्यांत, दक्षिण ऑस्ट्रेलियांतील बर्ड्सव्हिल ट्रॅकवर पांच माणसांचें एक कुटुंब वाट चुकलें. पेट्रोल संपल्यावर तीं मोटार सोडून निघालीं आणि पांचही जणांस मृत्यु आला. गाडीजवळून हलावयाचें नाहीं, ठरल्या दिवशीं आपली खबर पोंचली नाहीं तर कोणी कोणास कळवावयाचें, हीं दोन कलमें ज्या आखणींत नाहींत ती अपुरी होय. आज उपग्रहावरून बोलणारा दूरध्वनि जवळ बाळगतां येतो; परंतु पलीकडे ऐकणाऱ्याच्या हातीं आपला तक्ता नसेल तर त्या यंत्राचें अर्धें सामर्थ्य वायां जातें.

इतका हिशेब केल्यावर प्रवासांतील काव्य कोठें उरलें, असा प्रश्न कोणी विचारील. त्यास उत्तर म्हणून १९३५ सालीं प्रसिद्ध झालेलें राल्फ बॅग्नोल्ड ह्यांचें ‘लिबियन सँड्स’ हें पुस्तक पुढें करतां येईल. बॅग्नोल्ड ह्यांनीं ईजिप्तच्या पश्चिमेकडील वाळूच्या सागरांत मोटारी घातल्या त्या साध्या फोर्ड गाड्या होत्या. त्यांच्या मागील दोन चाकांसच तेवढा जोर मिळे. चार चाकांची उणीव त्यांनीं विचारानें भरून काढली. इंजिनांतून वाफ होऊन जाणारें पाणी पुन्हां धरण्याची युक्ति, सूर्याच्या सावलीवरून दिशा दाखविणारें होकायंत्र, रुतलेल्या चाकांखालीं घालावयाच्या पोलादी पन्हळी, टायरांतील कमी केलेली हवा, हा सर्व तपशील त्यांनीं दिला आहे. परंतु ग्रंथ रुक्ष झालेला नाहीं. पेट्रोलाचा आणि पाण्याचा लेखकास भरंवसा असल्यामुळेंच वाळूच्या रेषा आणि रात्रीची शांतता पाहावयास त्याचें मन मोकळें राहिलें आहे. ज्यास उद्यांच्या पाण्याची धास्ती आहे त्यास आजचा सूर्यास्त दिसत नाहीं. म्हणूनच चांगल्या आखणींत चार-पांच दिवसांमागें एक दिवस अगदीं कोरा ठेवलेला असतो. गाडी मोडली तर तो दुरुस्तीस, न मोडली तर उज्जयिनीस.

ह्याच्या उलट उदाहरण बर्क आणि विल्स ह्यांच्या मोहिमेचें. १८६० च्या ऑगस्टांत ती मेलबर्नहून निघाली तेव्हां तिच्याबरोबर सुमारें २० टन सामान होतें. त्यांत जेवावयाचें मेजही होतें. कूपर्स क्रीक येथें ठाणें ठेवून बर्क तिघां सोबत्यांसह १६ डिसेंबरला उत्तर समुद्राकडे निघाला. तीन महिने वाट पाहा, असें ठाण्यावरील मंडळींस सांगितलेलें होतें. त्यांनीं चार महिन्यांहून अधिक वाट पाहिली आणि २१ एप्रिल १८६१ ला सकाळीं ठाणें सोडलें. त्याच दिवशीं संध्याकाळीं बर्क, विल्स आणि किंग तेथें येऊन पोंचले. ॲलन मूरहेड ह्यांनीं ‘कूपर्स क्रीक’ (१९६३) ह्या ग्रंथांत ही हकीकत हृदयस्पर्शी रीतीनें सांगितली आहे, आणि ती वाचणारा मनुष्य बहुधा दैवास बोल लावून पुस्तक मिटतो. आमच्या मतें दैवाचा भाग थोडा आहे. झाडावरील खूण पाहून तिघांनीं पुरलेला शिधा काढला, आपली चिठ्ठी तेथें पुरली, खड्डा पूर्ववत् बुजविला. परंतु आपण येऊन गेलों अशी नवी खूण झाडावर केली नाहीं. पुढें ठाण्याचा प्रमुख खात्री करून घेण्यास परत आला, त्यास सर्व कांहीं जसेंच्या तसें दिसलें आणि तो निघून गेला. वाचणाऱ्याचा विचार न करतां लिहिलेल्या चिठ्ठीपायीं बर्क आणि विल्स ह्यांचे प्राण गेले. लेखनदोषाचें ह्याहून भयंकर उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

एकटा किंग वांचला, तो त्या प्रदेशांतील यांद्रुवांदा लोकांनीं त्यास आपल्यांत ठेवून घेतलें म्हणून. येथें ह्या विषयांतील शेवटचा आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न उभा राहतो. ज्या मुलखास आपण ओसाड म्हणतों तो कोणास तरी पाठ असतो. कॅनिंगच्या विहिरी वाळवंटांत आपोआप सांपडल्या नाहींत. पाणी कोठें आहे हें तेथील आदिवासींस ठाऊक होतें. तें दाखवावें म्हणून त्यांस पकडून सांखळ्यांनीं बांधून फिरविलें गेलें. मोहिमेंतील स्वयंपाक्यानेंच ह्याविरुद्ध तक्रार केली, आणि १९०८ सालीं चौकशीसाठीं राजकीय आयोग बसला. आयोगानें कॅनिंग ह्यास दोषमुक्त केलें. परंतु सांखळ्यांचा उपयोग झाला ही गोष्ट त्यामुळें पुसली गेली नाहीं. पिढ्यान् पिढ्या ज्या पाण्यांस नांवें होतीं, ज्यांच्या कथा होत्या, त्यांपैकीं कित्येकांवर विहिरी बांधल्या जाऊन त्यांस क्रमांक मिळाले. २०१० सालीं कॅनबेरा येथील राष्ट्रीय संग्रहालयानें ‘यिवारा कुजू’ हें प्रदर्शन भरविलें, त्यांत त्या लोकांनीं चित्रांच्या आणि कथनांच्या द्वारें हाच प्रदेश आपल्या दृष्टीनें पुन्हां मांडला. दोन्ही नकाशे शेजारीं ठेवून पाहिले म्हणजे पहिल्यांत काय गळलें होतें तें ध्यानांत येतें.

आजच्या प्रवाशास ह्या भूमीच्या मालकांकडून परवाना घ्यावा लागतो. पुष्कळजण त्याची नोंद शिधा आणि टायर ह्यांच्या यादींत एक ओळ म्हणून करतात. ती ओळ यादीच्या आरंभीं असावी, असें आम्हांस वाटतें. कारण तिच्यावरून पुढील सर्व निर्णय बदलतात. कोठें राहुटी ठोकावयाची नाहीं, कोणत्या पाण्यापाशीं जावयाचें नाहीं, पाऊस पडून वाट बंद झाली तर कोणाचा शब्द मानून माघारी फिरावयाचें, हें तिच्यांत येतें. यक्षानें मेघास वाट सांगितली ती त्या वाटेवरील प्रत्येक नदीस आणि डोंगरास नांवानें ओळखून. आपल्याला तितकी ओळख असणें शक्य नाहीं. परंतु जे ओळखतात त्यांस आधीं विचारणें शक्य आहे, आणि वेळ, पाणी व इंधन ह्यांचा तक्ता त्यानंतरच लिहावयास घ्यावा.