पहिला येतो तोच जिंकतो? गोल्डर-टेलिसचा पेपर बुलढाण्यातून वाचताना

स्टार्टअपच्या कुठल्याही कार्यशाळेत एक सल्ला हमखास मिळतो: मार्केटमध्ये सगळ्यांच्या आधी उतरा. आपल्याकडे डाळमिल टाकणारा किंवा सोयाबीनवर प्रक्रिया करू पाहणारा पोरगाही याच भरवशावर कर्ज काढतो. उद्या हप्ता त्यालाच भरायचा असतो, म्हणून या सल्ल्यामागचं संशोधन नीट तपासलेलं बरं.

1980च्या दशकात ‘पिम्स’ नावाच्या माहितीसाठ्यावर बरेच अभ्यास झाले. बाजारात आधी आलेल्यांचा वाटा मोठा असतो, असं त्यातून दिसलं. पण गंमत बघा. माहिती देणाऱ्या कंपन्या तेव्हा चालू असलेल्या होत्या आणि ‘आम्ही पहिल्यांपैकी’ हेही त्यांचं त्यांनीच सांगायचं होतं.

यात चूक काय, ते शेतावरून लगेच कळतं. पावसाआधी कपाशीची धूळपेरणी करणाऱ्यांपैकी काहींना पाऊस साधतो, काहींचं बियाणं वाया जाऊन दुबार पेरणी करावी लागते. तुम्ही सप्टेंबरात जाऊन फक्त उभी पिकं मोजली, तर धूळपेरणी म्हणजे हमखास फायदा असंच वाटणार. वाया गेलेलं बियाणं तेव्हा दिसतच नाही.

पीटर गोल्डर आणि जेरार्ड टेलिस यांनी 1993 साली ‘जर्नल ऑफ मार्केटिंग रिसर्च’मधल्या पेपरात नेमकं हेच वाया गेलेलं बियाणं शोधलं. 50 प्रकारच्या वस्तू, सुमारे 500 ब्रँड. आजच्या मॅनेजरांना विचारण्याऐवजी त्यांनी त्या-त्या काळातले जुने लेख आणि नोंदी चाळल्या. निष्कर्ष असा: पहिल्या आलेल्यांपैकी 47 टक्के अपयशी ठरले. त्यांचा बाजारातला सरासरी वाटा होता फक्त 10 टक्के. सुरुवातीच्या काळात जे आघाडीवर गेले, ते पहिल्यानंतर सरासरी 13 वर्षांनी आलेले होते. बाळांच्या डायपरचंच घ्या. पॅम्पर्स आलं 1961 साली, पण ‘चक्स’ 1930च्या दशकापासूनच विकलं जात होतं. आज चक्स कुणाला आठवतं?

इथपर्यंत हा पेपर मला फार आवडतो. माझा आक्षेप पुढच्या पायरीवर आहे. 2001च्या ‘विल अँड व्हिजन’ या पुस्तकात हेच दोघं सांगतात की टिकणाऱ्यांकडे दूरदृष्टी आणि चिकाटी असते. पण ही चिकाटी ओळखायची कशी? जिंकलेल्याची ती चिकाटी, हरलेल्याचा तो हट्ट! निकाल माहीत झाल्यावर लावलेली ही नावं आहेत. म्हणजे जो दोष त्यांनी इतरांचा दाखवला, तोच मागच्या दाराने परत आला.

मला जास्त कामाचा वाटतो तो लिबरमन आणि माँटगोमेरी यांचा 1988चा पेपर. आधी आल्यामुळे नेमकं काय हाती लागतं, असं ते विचारतात. तंत्रात आघाडी, दुर्मीळ साधनांवर ताबा, की ग्राहकाला सोडून जाणं जड व्हावं अशी बांधणी?

हा प्रश्न बुलढाणा अर्बनला लावून पाहा. 1986 साली ही पतसंस्था निघाली तेव्हा सहकारी पतपुरवठा नवा नव्हता. त्याचा कायदा 1904चा. म्हणजे संस्था ‘पहिली’ नव्हतीच. पण माल निघाला की भाव पडतो, ही शेतकऱ्याची जुनी अडचण. संस्थेने गोदामं बांधली आणि ठेवलेल्या मालावर तारण कर्ज दिलं, म्हणजे पडत्या भावात विकायची घाई नको. व्याजदराची नक्कल शेजारची संस्था एका दिवसात करेल. गोदामांची साखळी आणि ठेवीदारांचा विश्वास उभा करायला मात्र वर्षं लागतात.

अर्थात, इथेही मी उभं पीकच मोजतोय. खरी कसोटी लावायची तर त्याच काळात नोंदणी झालेल्या सगळ्या पतसंस्थांची यादी घ्यावी लागेल, बंद पडलेल्यांसकट. अशा नोंदी सहकार खात्याच्या दप्तरात असतात. एखाद्या एमबीएच्या विद्यार्थ्याने हा प्रकल्प जरूर घ्यावा.

तोवर तुम्ही धंदा काढणार असाल, तर ‘मी पहिला आहे का’ हे बाजूला ठेवा. उद्या माझ्यापेक्षा दहापट पैसेवाला आला, तर त्याला पैशानेही पटकन विकत घेता येणार नाही असं मी आज काय जमवतोय, हे कागदावर लिहा. उत्तर सुचलं नाही, तर कर्जाच्या अर्जाला अजून थोडा वेळ द्या.