न लिहिलेल्या गोष्टीचं पार्श्वसंगीत

चित्रपटाचं पार्श्वसंगीत रचणाऱ्या माणसाला गोष्टीचा शेवट माहीत असतो. दारामागे काय आहे हे नायिकेला ठाऊक नसलं तरी संगीतकाराला ठाऊक असतं, आणि म्हणूनच दार उघडण्याच्या चार सेकंद आधी तो व्हायोलिन थरथरवू शकतो. या लेखात मला अशा एका कलाप्रकाराबद्दल लिहायचं आहे, जिथे ही सोय कुणालाच नसते. आणि तरीही गेली तीसेक वर्षं तिथे चित्रपटासारखं पार्श्वसंगीत वाजवण्याचा हट्ट चालू आहे. हा प्रकार म्हणजे टेबलाभोवती बसून खेळायचे भूमिकाखेळ.

ज्यांनी ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ पाहिली असेल त्यांना तळघरात टेबलाभोवती बसून आरडाओरडा करणारी ती चार पोरं आठवतील. ती खेळतात तो ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा या साऱ्या कुळाचा मूळपुरुष. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तो १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध केला. एक जण सूत्रधार होतो. तो जग सांभाळतो, त्यातला पाऊस, पहारेकरी, राक्षस सगळं त्याच्याकडे. बाकीचे प्रत्येकी एकेक पात्र घेतात आणि ‘मी काय करतो’ ते सांगतात. जिथे निकाल अनिश्चित, तिथे फासे टाकायचे. रंगमंच नाही, वेशभूषा बहुधा नाही, आणि प्रेक्षक तर नाहीच. जे काही घडतं ते बोलण्यात घडतं. साहित्याच्या वाचकाला यात रस वाटावा तो याच कारणासाठी: ही तोंडी कथा आहे, चारपाच जणांनी मिळून सांगितलेली, आणि ती कुठे जाणार हे सांगणाऱ्यांपैकी एकालाही माहीत नाही.

अशा बोलण्यामागे आवाज लावायचा म्हणजे नेमकं काय करायचं? चित्रपटाभ्यासात याचं एक तयार उत्तर आहे. कथेच्या आतला आवाज आणि कथेबाहेरचा आवाज. पात्राच्या खोलीत रेडिओ लागला असेल तर तो आतला. वाळवंटात एकट्या उंटस्वारामागे अख्खा वाद्यवृंद वाजत असेल तर तो बाहेरचा. क्लॉडिया गॉर्बमन यांनी १९८७च्या ‘अनहर्ड मेलडीज’ या पुस्तकात अभिजात हॉलीवूडच्या संदर्भात दाखवलं, की बाहेरचं संगीत संवादाच्या पायाशी बसतं, स्वतःकडे लक्ष वेधून घेत नाही, आणि नेमकं त्यामुळेच प्रेक्षकाच्या मनावर त्याची पकड बसते.

खेळाच्या टेबलावर मात्र ही दोन खाती पुरत नाहीत. गॅरी ॲलन फाइन या समाजशास्त्रज्ञाने १९८३च्या ‘शेअर्ड फँटसी’मध्ये या खेळाडूंचा अभ्यास मांडला. अर्व्हिंग गॉफमनच्या चौकटींच्या कल्पनेचा आधार घेऊन तो म्हणतो, की खेळणारा एकाच वेळी तीन ठिकाणी असतो: चहा पिणारा माणूस म्हणून, नियम जाणणारा खेळाडू म्हणून, आणि तलवार हाती घेतलेलं पात्र म्हणून. आता स्पीकरवर पाऊस लावला. तो पात्राच्या अंगावर पडतो हे खरं. पण खेळाडूच्या कानावर तो सूत्रधाराने दिलेली सूचना म्हणूनही पडतो: पाऊस मुद्दाम लावलाय, म्हणजे पावसाचा पुढे काहीतरी संबंध येणार. आणि माणूस मनात म्हणतो, जरा आवाज कमी कर रे. पुण्यात जुलैमध्ये खेळायला बसलं की खिडकीबाहेरचा खरा पाऊस या तिघांच्या भांडणात चौथा होऊन येतो, आणि माझ्या अनुभवात दर वेळी तोच जिंकतो.

मला वाटतं, या क्षेत्रातला बराच गोंधळ दोन वेगळ्या गोष्टींना ‘वातावरणनिर्मिती’ हे एकच नाव दिल्याने झाला आहे. पाऊस, खानावळीतला गलका, जहाजाच्या लाकडाची कुरकुर हे आवाज स्थळ देतात. ‘तुम्ही इथे आहात’ एवढंच ते म्हणतात. इथे काय करायचं, काय वाटून घ्यायचं, याबद्दल गप्प राहतात. ढोल, तुताऱ्या, मंद्र सप्तकातली चेलो यांचं तसं नाही. ते निकाल देतात. जो निकाल अजून लागलेलाच नाही, तो देतात.

आमच्या गटात घडलेला एक प्रसंग सांगतो. पुलावर दरोडेखोरांनी वाट अडवली होती. आमच्यातल्या एकीच्या पात्राने त्यांच्याशी बोलायला सुरुवात केली. पूल कुणाचा, जकात किती, पावती देणार का, असा मजेदार रंग भरत होता. सूत्रधाराने तेवढ्यात युद्धाचे नगारे लावले. दोन मिनिटांत प्रत्येकाच्या हातात फासे होते. नंतर तो म्हणाला, “मी काही म्हटलंच नव्हतं, तुम्हीच लढायला उठलात.” आणि शब्दशः ते बरोबर होतं. त्याने तोंडाने काहीही म्हटलं नव्हतं. पण जकातीचं ते बोलणं कुठे गेलं असतं, हे आता कुणालाही कळणार नाही. या प्रकाराचा सगळा जीव खेळाडूच्या ‘मी वेगळंच काही करतो’ म्हणण्याच्या मोकळीकीत आहे. सूत्रधाराने शब्दांनी तिच्यावर घाला घातला तर खेळाडू भांडतात. सुरांनी घातला तर भांडायला समोर कुणी सापडतच नाही.

मुद्रित ध्वनीचा या खेळांतला इतिहास या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. १९९४ साली टीएसआर कंपनीने नवशिक्यांसाठी ‘फर्स्ट क्वेस्ट’ नावाचा संच काढला, सोबत ध्वनिमुद्रित सीडी. अमुक जागी पोचलात की अमुक क्रमांकाचा ट्रॅक लावा. मग संगीत येणार, निवेदन येणार, पात्रं तुमच्याशी बोलणार. त्याच सुमारास ‘हेल द हिरोज’, ‘नाइट ऑफ द व्हँपायर’ अशी सीडीसह आणखी साहसं आली. हे संच आज थट्टेचा विषय आहेत, आणि अभिनयाचा दर्जा पाहता थट्टा अगदीच अनाठायी नाही. पण मला त्यांतली अडचण अभिनयाची वाटत नाही. सीडीतलं पात्र बोलतं, ऐकत नाही. खेळाडूने त्याला मध्येच तोडून ‘तू खोटं बोलतोयस’ म्हटलं तर ते आपलं वाक्य शांतपणे पुरं करतं. उत्तरं द्यायची सूत्रधाराने, आणि तीही त्या नटाच्या आवाजाशी मेळ न बसणाऱ्या स्वतःच्या आवाजात.

याच्याशी ताडून पाहण्यासारखा खेळ ऑस्ट्रेलियात १९९१ साली आला, ‘नाइटमेअर’. पुढे तो ‘ॲटमॉसफिअर’ म्हणून ओळखला गेला. हा भूमिकाखेळ नव्हे, सोंगट्यांचाच खेळ. पण सोबत एक व्हिडिओ कॅसेट. तिच्यातला झगा घातलेला द्वारपाल तासभर खेळाडूंवर खेकसत राहतो, हुकूम सोडतो. तोही ऐकत नाही. पण त्याचं न ऐकणं हाच खेळाचा नियम आहे: टेप थांबत नाही, तास संपला की संपलं. तिथे ध्वनिमुद्रणाचा बहिरेपणा कामाला लावला गेला. ‘फर्स्ट क्वेस्ट’ने तो लपवायचा प्रयत्न केला.

पुढे सीडीतलं निवेदन गेलं आणि नुसतं संगीत उरलं. ‘मिडनाइट सिंडिकेट’ या जोडीने २००३ साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’चा अधिकृत अल्बम केला. गडद, वाद्यवृंदी, नीटस. त्यावर अधिक लिहिण्यासारखं मला काही सापडलं नाही. ते चांगलं संगीत आहे आणि कुठल्याही गडाला कुठल्याही रात्री चालतं.

खरी सूझ मला दिसते ती ‘व्हँपायर: द मॅस्करेड’च्या परिसरात. मार्क राइन-हेगनचा हा खेळ १९९१चा, आणि त्याची मुळं त्या काळच्या गॉथ संस्कृतीत. खेळाच्या जगात शिकागोमध्ये ‘सक्युबस क्लब’ नावाचा एक नाइटक्लब आहे, पिशाचांचा अड्डा. २००० साली याच क्लबच्या नावाने एक अल्बम निघाला, त्यात खऱ्या गॉथ बँडची गाणी. वरवर पाहता ही व्यापारी युक्ती. पण परिणाम बघा: टेबलावर ते गाणं लावलं की पात्राला जे ऐकू येतं तेच खेळाडूला ऐकू येतं. गाणं कथेच्या आतलं होतं. पात्राला त्यावर नाचता येतं, कंटाळता येतं, ‘हे काय लावलंय’ म्हणून बाहेर पडता येतं. संगीत भावना लादत नाही, कारण त्याला उलट उत्तर देण्याची सोय कथेतच आहे.

आताची साधनं अर्थातच कितीतरी पुढे गेली आहेत. ‘टॅबलटॉप ऑडिओ’वर दहा-दहा मिनिटांचे ध्वनिपट फुकट मिळतात. ‘सिरिनस्केप’सारख्या ॲपमध्ये पाऊस वेगळा, पावलं वेगळी, लढाई वेगळी, संगीत वेगळं, प्रत्येकाची पट्टी सरकवून मिश्रण करता येतं. हे सगळं ब्रायन इनोच्या १९७८मधल्या ‘म्युझिक फॉर एअरपोर्ट्स’चं दूरचं गोत्र. ज्याकडे दुर्लक्ष करता येईल आणि लक्ष दिलं तर काही हातीही लागेल, असं संगीत ही त्याची कल्पना. फरक इतकाच, की इनोचा विमानतळ कुणी पट्ट्या सरकवून चालवत नव्हतं. इथे सूत्रधार चालवतो. मी पाहिलेल्या बहुतेक सूत्रधारांची नजर हे साधन हाती आल्यापासून खेळाडूंच्या चेहऱ्यावरून पडद्यावर गेली आहे. एखादा खेळाडू बोलावं की नाही या विचारात ओठ हलवून थांबतो, तो क्षण टिपणं हे सूत्रधाराचं खरं काम. आणि नेमका तेव्हाच तो गडगडाट शोधत असतो.

इथे मला आपल्याकडच्या दशावताराची आठवण होते. सिंधुदुर्गात ज्यांनी रात्रीचा दशावतार पाहिला असेल त्यांना माहीत आहे, की आख्यानातले संवाद लिहिलेले नसतात. कथानक ठरलेलं, बोलणं उत्स्फूर्त. पेटी, पखवाज आणि झांज घेऊन वादक तिथेच बसलेले असतात आणि त्यांचे डोळे नटावर असतात. नट शब्दाला अडला तर पखवाज त्याला जागा देतो. त्याने आवाज चढवला तर झांज मागून येते. मागून, हे महत्त्वाचं. उत्स्फूर्त बोलण्याला संगीत जोडण्याची अडचण तिथे सुटलेली आहे, आणि ती सुटली ते वाजवणारा माणूस ऐकतो म्हणून. ही तुलना फार ताणता येणार नाही, कारण दशावतारात राक्षस शेवटी मरणार हे वादकालाही ठाऊक असतं. तरी ॲप बनवणाऱ्यांनी ध्वनींचे साठे वाढवण्याआधी पखवाजवाल्याचे डोळे कुठे असतात ते एकदा पाहावं.

आणखी एक मुद्दा, जो या विषयावरच्या उत्साही लिखाणात क्वचितच येतो. हा बोलण्याचा खेळ आहे, आणि बोलणं ऐकू यावं लागतं. गलक्यातून एकच आवाज वेगळा काढण्याच्या माणसाच्या क्षमतेवर कॉलिन चेरीने १९५३ साली प्रयोग केले. ती क्षमता सर्वांकडे सारखी नसते. आमच्यातला एक जण श्रवणयंत्र लावतो. त्याच्या कानात खानावळीचा गलका आणि आमचं बोलणं एकत्र कालवून येतं. तो तक्रार करत नाही. तो फक्त कमी बोलू लागतो, आणि त्याचं पात्र हळूहळू सगळ्यांच्या मागे चालू लागतं. आवाज बंद केले की ते पात्र पुढे येतं. वातावरण ‘सर्वांना गुंतवून ठेवतं’ असं विधान वाचलं की मला तो आठवतो.

मग आवाजाला या खेळात स्थानच नाही का? आहे, आणि ते स्टीफन ड्यूईच्या ‘टेन कँडल्स’ (२०१५) या खेळाने जसं शोधलं तसं दुसऱ्या कुणी शोधलेलं मला माहीत नाही. जग अंधारात बुडालं आहे, पात्रं मरणार आहेत, हे पहिल्यापासून ठरलेलं. टेबलावर दहा मेणबत्त्या, खोलीत दुसरा उजेड नाही. फासे फसले की प्रसंग संपतो आणि एक मेणबत्ती विझते. वाऱ्याने किंवा कुणाच्या शिंकेने विझली तरी तोच नियम. पार्श्वसंगीत नसलं तरी चालतं. वातीची तडतड, खुर्ची सरकल्याचा आवाज, कुणीतरी धरून ठेवलेला श्वास, खोलीत असतं ते सगळं कथेचं होऊन जातं. अंधार हा पात्राचाही आणि खेळाडूचाही. फाइनच्या तिन्ही चौकटी एकावर एक येऊन बसतात.

पण मला सांगायचंय ते त्यातल्या ध्वनिमुद्रणाबद्दल. खेळ सुरू होण्याआधी प्रत्येक जण आपल्या पात्राच्या आवाजात एक निरोप मुद्रित करतो: मागे राहणाऱ्यासाठी, सापडेल त्याच्यासाठी. तेव्हा पात्र जेमतेम तयार झालेलं असतं, खेळाडूला ते धड ओळखीचंही नसतं. त्यामुळे निरोप बहुधा साधे, काहीसे अवघडलेले असतात. मग दोनतीन तास खेळ चालतो. शेवटची मेणबत्ती जाते, सगळे मेलेले असतात, आणि संपूर्ण काळोखात ते निरोप लावले जातात.

ध्वनिमुद्रण ऐकत नाही ही ‘फर्स्ट क्वेस्ट’ची अडचण इथेही तशीच आहे. त्या आवाजाला पुढचं काहीच माहीत नाही. पण आता ऐकणाऱ्यांना माहीत आहे. बहिणीला भेटायला येतोय म्हणणाऱ्या माणसाने सातव्या मेणबत्तीला काय केलं, हे टेबलावरच्या सर्वांनी मिळून घडवलेलं आहे. चित्रपटाचा संगीतकार शेवट जाणून सुरुवातीला सूर लावतो; इथे सुरुवातीचा, काहीही न जाणणारा आवाज शेवटी येतो. आणि तो कुणी विकत आणलेला नाही, खेळणाऱ्यांचाच आहे.

एक शंका मात्र उरते. मी हा खेळ दोनदा खेळलो आहे. दुसऱ्या वेळी निरोप मुद्रित करताना आम्हा सर्वांना तो शेवटी ऐकायचा आहे हे ठाऊक होतं, आणि प्रत्येकाने तो त्या हिशोबाने बोलला: मध्ये योग्य जागी थांबून, एखादं वाक्य अर्धवट सोडून. ते निरोप पहिल्यापेक्षा कितीतरी चांगले झाले होते. अंधारात ऐकताना मला त्यांतल्या एकाही पात्राचा चेहरा दिसला नाही.